वाहत्या द्रवातल्या मऊ पुटिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतून द्रवाने भरलेल्या, मऊ पापुद्र्याच्या बारीक पिशव्या वाहत्या पाण्यात सोडल्या की त्या भिंतीशी आणि एकमेकींशी कशा वागतात, हे बघणं माझं रोजचं काम आहे. विद्यार्थी, डॉक्टर मित्र, पॅथॉलॉजी लॅबमधले तंत्रज्ञ आणि घरची माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. समीकरणं टाळली आहेत, आकडे टाळलेले नाहीत.

पुटिका म्हणजे नक्की काय? छोटा फुगा म्हटलं तर चालेल का?

फुगा नको. फुग्याचं रबर ताणतं, पुटिकेचा पापुद्रा जवळजवळ ताणतच नाही. लिपिड नावाच्या मेदरेणूंचं डोकं पाण्यात रमणारं असतं आणि शेपट्या पाणी टाळणाऱ्या. पाण्यात हे रेणू शेपट्या आत लपवून दोन थरांत उभे राहतात आणि तो दुहेरी थर बंद होऊन पिशवी बनते. थराची जाडी ५ नॅनोमीटरच्या आसपास, तर आम्ही वापरतो त्या पिशव्यांचा व्यास १० ते १०० मायक्रोमीटर. म्हणजे २० मायक्रोमीटरच्या पुटिकेचा पापुद्रा तिच्या व्यासाच्या चार हजाराव्या भागाइतका पातळ.

मला सर्वांत जवळची उपमा वाटते ती दुधाच्या पिशवीची. काठोकाठ भरलेली पिशवी हाताला टणक लागते. थोडं दूध काढून तोंड पुन्हा बंद केलं, तर तीच पिशवी हवी तशी वळते. प्लास्टिक ताणलेलं नसतं. आतल्या दुधाच्या मानाने ते जास्त झालेलं असतं. पुटिकेचंही तसंच. क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांपलीकडे ताणलं तर पापुद्रा फाटतो, पण त्याला वाकवायला लागणारी ऊर्जा अगदी किरकोळ असते : खोलीच्या तापमानाला रेणूंच्या हालचालीत जी ऊर्जा असते, तिच्या वीसेक पट. वाकवण्याच्या या ऊर्जेचं गणित वोल्फगांग हेल्फरिश यांनी १९७३ मध्ये मांडलं आणि आजही सगळे तिथूनच सुरुवात करतात.

उपमा एका जागी अपुरी पडते. प्लास्टिक घन आहे. पुटिकेचा पापुद्रा स्वतःच द्रव आहे, त्यातले रेणू पृष्ठभागावरून मोकळेपणाने सरकतात. पुढच्या बऱ्याच गोष्टी याच्यावर अवलंबून आहेत.

मग तेलाच्या थेंबात आणि पुटिकेत फरक काय?

थेंबाचा पृष्ठभाग वाढू शकतो, फक्त पृष्ठताणाची किंमत मोजावी लागते. पुटिकेला आतला द्रव आणि बाहेरचा पापुद्रा, दोन्हींचा साठा ठरलेला असतो. या दोन बंधनांत राहूनच तिला आकार बदलावा लागतो.

एकटी पुटिका प्रवाहात काय करते?

आधी प्रवाह कसला ते बघू. दोन काचांच्या फटीतून द्रव वाहतो तेव्हा काचेला लागून असलेला थर जवळपास थांबलेला असतो आणि मधला पळत असतो. थर एकमेकांवरून सरकतात. याला शिअर म्हणतात. अशा प्रवाहात पुटिकेच्या वरच्या भागाला पुढे ओढ असते आणि खालचा भाग मागे राहतो.

यातून तीन प्रकारच्या चाली दिसतात. आतला द्रव पातळ असेल तर पुटिका प्रवाहाशी ठरावीक कोन करून तिरकी स्थिर राहते आणि तिचा पापुद्रा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा तिच्याभोवती फिरत राहतो. पुटिका कलंडत नाही, फक्त तिची कातडी धावते. आतला द्रव बाहेरच्यापेक्षा बराच दाट असेल तर पट्टा फिरवणं जड जातं आणि पुटिका आख्खीच्या आख्खी कोलांट्या खाऊ लागते. या दोन चालींचा सिद्धांत केलर आणि स्कलाक यांनी १९८२ मध्ये दिला. त्यांनी पुटिकेचा आकार ठरलेला धरला होता. आकाराला मोकळीक दिल्यावर मधली एक तिसरी चाल सापडली : पुटिका एका कोनाभोवती हेलकावते आणि त्याच वेळी तिचा आकार श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होतो. २००६ च्या सुमारास ही चाल सिद्धांतात आणि प्रयोगात, दोन्हीकडे पुढे आली.

पट्ट्याची चाल पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही, कारण पिशवी जागच्या जागी दिसते. पापुद्र्याला चिकटलेला एखादा कण सापडला की उलगडा होतो. तो कण वरच्या कडेने पुढे जातो, टोकाला वळतो, खालच्या कडेने मागे येतो, पुन्हा वर चढतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सिद्धांत सांगण्याआधी असा एक कण शोधायला लावतो.

मऊपणाला एवढं महत्त्व का देता? कडक गोळीही वाहतेच की!

वाहते, पण तिचं वाहणं उलट फिरवता येतं. या आकाराला जडत्व जवळजवळ शून्य असतं. १० मायक्रोमीटर त्रिज्या, पाणी, आणि सेकंदाला एक इतका शिअर धरला तर रेनॉल्ड्स अंक (द्रवाच्या घर्षणाच्या तुलनेत जडत्व किती, ते सांगणारा आकडा) एकाचा दहा हजारावा भाग येतो. अशा प्रवाहाला आठवण नसते : ढकलणं उलटं केलं की सगळं आल्या वाटेने परत जातं. जी. आय. टेलर यांनी दाखवलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन नळकांड्यांमधल्या फटीत दाट द्रव, त्यात रंगाचा एक ठिपका. आतलं नळकांडं फिरवलं की ठिपका पसरून नाहीसा होतो. तितकेच वेढे उलटे दिले की तो पुन्हा जमून येतो.

आता भिंतीजवळ एक कडक गोल गोळी घ्या आणि समजा, प्रवाहामुळे ती भिंतीपासून वर उचलली जाते. प्रवाह उलटा केला तर वरच्या नियमाने ती खाली यायला हवी. पण उलटा प्रवाह म्हणजे तेच चित्र आरशात बघणं, आणि आरशातही ती वरच जायला हवी. एकाच वेळी वर आणि खाली कसं जाणार? म्हणून ती उचलली जात नाही. उंची कायम.

पुटिका या कात्रीतून सुटते. प्रवाह उलटताच तिचा आकार आणि कल बदलतो, त्यामुळे उलटा प्रवास म्हणजे आधीच्या प्रवासाची मागे फिरवलेली फीत राहत नाही. भिंतीपासून दूर होणं, दोघींनी एकमेकींना बाजूला सारणं, नळीच्या मध्यावर जमणं, हे सगळं तिला जमतं ते आकार बदलता येतो म्हणूनच. मला या विषयात इतकी वर्षं धरून ठेवलं ते याच युक्तिवादाने.

भिंतीपासून ती किती जोराने दूर जाते?

तिरकी राहून पट्टा फिरवणाऱ्या पुटिकेला भिंतीपासून दूर नेणारी उचल मिळते. २००२ मध्ये फ्रान्समधल्या अबकारियन, लार्टिग आणि व्हियाला यांनी तळाशी बसलेल्या पुटिका प्रवाह वाढवल्यावर तळ सोडून वर येताना दाखवल्या.

हे मोजताना गुरुत्वाकर्षण मध्ये येतं, कारण पुटिका खाली बसत असते. म्हणून ग्रेनोबल आणि ब्रसेल्सच्या संशोधकांनी उपकरण विमानात नेलं. परवलयी मार्गाने उडणाऱ्या विमानात वीस-बावीस सेकंद वजनरहित अवस्था मिळते, तेवढ्यात पुटिकांचं स्थान होलोग्राफीने टिपलं. २००८ मध्ये आलेला निकाल असा : उचलीचा वेग शिअरच्या आणि त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो आणि अंतराच्या वर्गाने कमी होतो. अंतर दुप्पट झालं की वेग पाव.

दोन पुटिका जवळ आल्या की काय होतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्याही आवडीचा.

एक पुटिका जरा वरच्या, वेगवान थरात आहे. दुसरी तिच्या पुढे, जरा खालच्या, संथ थरात. मागची पुढचीला गाठते. अजून स्पर्श नसतो, पण ओळख सुरू झालेली असते. प्रत्येक पुटिका भोवतीचा प्रवाह थोडा विस्कटते आणि हा विस्कोट अंतराच्या वर्गाने कमी होत जातो. फार दूर असताना तो जाणवत नाही, त्रिज्येच्या काही पटींवर आल्या की जाणवतो. दोघींचे कल किंचित बदलतात.

आणखी जवळ आल्यावर त्या प्रवाहाच्या दाबणाऱ्या दिशेत असतात. प्रवाहच त्यांना एकमेकींवर ढकलतो. समोरासमोरच्या बाजू चपट्या होतात आणि मध्ये द्रवाचा पातळ थर अडकतो. तो थर बाहेर पिळून काढायला वेळ लागतो, म्हणून पापुद्रे सहसा भिडत नाहीत. मग वरची खालचीच्या अंगावरून घसरत पुढे जाते. आता दोघी ताणणाऱ्या दिशेत आलेल्या असतात, प्रवाह त्यांना वेगळं करू बघतो, आणि मधल्या फटीत द्रव परत शिरेपर्यंत त्या रेंगाळतात. सुटताना दोघींच्या कडा क्षणभर लांबट होतात.

आता मोजा. भेटीआधी दोघींच्या उंचीत जे अंतर होतं, भेटीनंतर ते वाढलेलं असतं. वरची आणखी वर गेली, खालची आणखी खाली. दोन गुळगुळीत कडक गोळ्या असत्या तर भेट संपल्यावर दोघी आपापल्या मूळ रेघेवर परतल्या असत्या. पुटिका परतत नाहीत, कारण येतानाचा आकार आणि जातानाचा आकार एक नसतो.

पडद्यावर हे बघताना मी दोघींच्या मूळ उंचीवर दोन आडव्या रेघा आखून ठेवतो. भेटीनंतर पुटिका रेघेच्या ज्या बाजूला सरकलेली दिसते, ती बाजू मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तीच फीत चार वेळा मागे-पुढे केली होती. सरकणं त्रिज्येच्या मानाने लहान असतं, पण ते हटकून दूरच्या दिशेला असतं.

मग त्या नेहमी दूरच जातात? जवळ येतच नाहीत?

शिअरमध्ये भेटून पुढे गेलेल्या जोडीचं अंतर वाढतं. पण अरुंद नळीत, जिथे पुटिका किंवा त्यांच्यासारख्याच मऊ रक्तपेशी एकामागोमाग एकाच ओळीत चालतात, तिथे उलटं चित्र दिसतं. भोवऱ्यांसारखा फिरणारा द्रव दोघींच्या मध्ये अडकतो आणि ठरावीक अंतर राखून त्यांची आगगाडीसारखी रांग बनते. केशवाहिन्यांत तांबड्या पेशी अशा गटागटाने जाताना दिसतात. त्यासाठी कसलाही चिकटपणा लागत नाही, द्रवच पुरेसा असतो.

त्या एकमेकींना चिकटतात का?

शुद्ध लिपिडच्या पुटिका साध्या साखरपाण्यात सहसा चिकटत नाहीत. बाहेरच्या द्रवात लांब साखळीचे रेणू असले तर चिकटतात. रक्तात हे काम फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन करतं : तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात. संथ प्रवाहात ती चळत एकसंध फिरते. शिअर वाढला की पेशी सुटतात. रक्त हळू वाहताना दाट आणि जोरात वाहताना पातळ लागतं, याचं हे एक मोठं कारण.

ईएसआर तपासणी याच चिकटण्यावर उभी आहे. वेस्टरग्रेन नळीत रक्त उभं ठेवून एका तासात पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या हे वाचतात. सूज किंवा संसर्ग असला की फायब्रिनोजेन वाढतं, चळती मोठ्या होतात आणि मोठी चळत लवकर खाली बसते. स्वीडनचे रॉबिन फोरेउस यांनी १९२१ मध्ये या खाली बसण्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं नाव खाली पुन्हा येणार आहे.

एका वेळी हजारो पुटिका असल्या तर?

प्रत्येक भेटीत थोडंसं सरकणं. पुढची भेट कोणाशी आणि कुठून होईल ते ठरलेलं नसतं. अशा असंख्य धक्क्यांनी पुटिकांचा पुंजका पसरत जातो, जणू तो विरघळतो आहे. पण हे उष्णतेमुळे होणारं विसरण नाही. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पुटिकेला उष्णतेचे धक्के फार कमी हलवतात. इथे पसरवणारा शिअर आहे.

त्यात एक सुंदर बारकावा आहे. धक्के मिळायला शेजारी लागतात. पुंजका पसरला की शेजारी विरळ होतात, धक्के कमी होतात आणि पसरणंही मंदावतं. २०१३ मध्ये ग्रेनोबलच्या गटाने तांबड्या पेशींचा अरुंद पट्टा प्रवाहात सोडून हे मोजलं. पट्ट्याची रुंदी वेळेच्या घनमुळाच्या पटीत वाढते. रुंदी दुप्पट व्हायला वेळ आठपट. साध्या विसरणात चौपटीत भागतं.

पुटिका घातल्याने द्रव किती दाट होतो?

कडक गोळ्यांसाठी आइनस्टाइन यांनी १९०६ मध्ये उत्तर दिलं : गोळ्यांनी एक टक्का जागा घेतली तर श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, अडीच टक्के वाढते (सूत्रातला अडीचचा गुणक त्यांनी १९११ मध्ये दुरुस्त केला). पुटिकांसाठी डांकर आणि मिस्बाह यांनी २००७ मध्ये हिशोब मांडला. त्यात आतला द्रव दाट करत गेलं की मिश्रणाची श्यानता आधी कमी होते, पट्टा थांबून कोलांट्या सुरू होतात तिथे तळ गाठते आणि मग वाढते. पुढच्या वर्षी एका प्रयोगात हाच कल दिसला. त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या प्रयोगात जवळजवळ उलटा कल दिसला.

माझं मत असं की दोन्ही प्रयोग प्रामाणिक आहेत आणि फरक पुटिकांच्या आपसातल्या भेटींत शोधायला हवा. सिद्धांत एकट्या पुटिकेसाठी आहे, कुपीत मात्र लहानमोठ्या पुटिकांची गर्दी असते.

याचा रक्ताशी संबंध काय?

फार जवळचा. रक्ताच्या आकारमानाचा साधारण ४५ टक्के भाग तांबड्या पेशींचा. इतकी दाटी कडक गोळ्यांची असती तर रक्त चिखलासारखं ओढावं लागलं असतं. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने कडक केलेल्या पेशींचं मिश्रण ६० टक्क्यांच्या आसपास वाहायचं जवळपास थांबतं, तर निरोगी मऊ पेशींचं मिश्रण ९० टक्क्यांपुढेही वाहतं.

पेशी भिंतीपासून दूर राहतात, त्यामुळे रक्तवाहिनीच्या कडेला फक्त रक्तद्रवाचा स्वच्छ थर उरतो. पॅरिसचे डॉक्टर प्वाझ्यूय यांनी १८३० च्या दशकातच बेडकाच्या रक्तवाहिन्यांत तो पाहिला होता. १९३१ मध्ये फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं की ०.३ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळीत रक्ताची श्यानता नळी बारीक होईल तशी कमी होते. कडेचा पातळ थर वंगणाचं काम करतो.

प्रत्येक पेशीला भिंत दूर लोटते आणि गर्दीतल्या भेटी तिला पुन्हा भिंतीकडे ढकलतात. या ओढाताणीत स्वच्छ थराची रुंदी ठरते, ती काही मायक्रोमीटर भरते. आकाराने लहान आणि कडक असलेल्या प्लेटलेटना (रक्त गोठवणाऱ्या कणांना) उचल फारशी मिळत नाही, धक्के मात्र मिळतात. म्हणून त्या कडेच्या थरात जमतात. जखम होते तीही भिंतीलाच, आणि प्लेटलेट तिथे आधीच हजर असतात.

तांबडी पेशी म्हणजे पुटिकाच का?

पूर्णपणे नाही. तिच्या पापुद्र्याला आतून प्रथिनांची जाळी आहे, त्यामुळे तो थोडा लवचिक घनासारखाही वागतो. पण मूळ हिशोब तोच : पापुद्रा भरपूर, आत द्रव कमी. तेवढ्या पापुद्र्यात गोल आकारात जितकं मावलं असतं त्याच्या ६०-६५ टक्केच पेशीत असतं. म्हणूनच ८ मायक्रोमीटरची पेशी प्लीहेतल्या एक मायक्रोमीटरच्या फटीतून पलीकडे निघते.

पेशी कडक झाली तर?

सिकलसेल आजारात ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या लांब दोऱ्या तयार होतात आणि पेशी कडक होते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात काम करणाऱ्या आरोग्यसेवकांना हे समजावून सांगावं लागत नाही. वेदनेचा झटका आलेली मुलं त्यांनी जवळून पाहिलेली असतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिचं लक्ष्य २०४७ आहे.

प्रवाहाच्या बाजूने बघितलं तर त्रास दोन ठिकाणी होतो. कडक पेशी केशवाहिनीत अडकते हे उघड आहे. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते : मोठ्या वाहिनीत मऊ पेशींच्या गर्दीत सापडलेली कडक पेशी प्लेटलेटसारखी कडेला ढकलली जाते आणि भिंतीच्या अस्तराला घासत राहते. मलेरियाने कडक झालेल्या पेशीही अशाच कडेला येतात.

औषधांचे लायपोसोमही असेच वागतात का?

नाही, आकारामुळे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या काळात महाराष्ट्रात घरोघरची माणसं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्यांसाठी धावत होती. त्या कुपीत लिपिडच्या पुटिकाच होत्या, पण १०० नॅनोमीटरच्या आतल्या. प्रवाहाने पुटिका वाकवायची ताकद त्रिज्येच्या घनावर अवलंबून असते. १० मायक्रोमीटरऐवजी ५० नॅनोमीटर त्रिज्या घेतली की ताकद ८० लाख पटींनी घटते. एवढ्या लहान पुटिकेला रक्तप्रवाह वाकवू शकत नाही, रेणूंचे धक्केच तिला इकडेतिकडे नेतात.

हे सगळं संगणकावर करता येतं का?

येतं, आणि जड आहे. प्रत्येक पापुद्र्याचा प्रत्येक तुकडा इतर सगळ्यांवर द्रवामार्फत परिणाम करतो. २०१० मध्ये महासंगणकांवरच्या कामासाठीचं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालेल्या कामात जवळपास दोन लाख प्रोसेसर-गाभे वापरून २६ कोटी मऊ पेशींचा प्रवाह सोडवला होता.

प्रयोगशाळेत पुटिका बनवतात कशा? मला बघायला मिळतील का?

कॉलेजच्या चांगल्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं आहे. विजेच्या मदतीने पुटिका फुलवायची पद्धत अँजेलोव्हा आणि दिमित्रोव्ह यांनी १९८६ मध्ये दिली. विजेला वाहू देणारा पारदर्शक लेप असलेल्या दोन काचा घ्यायच्या. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या लिपिडचे थेंब त्यांवर पसरून निर्वातात पूर्ण सुकवायचे. मध्ये सुक्रोजचं द्रावण भरायचं आणि एक-दोन व्होल्टचा, १० हर्ट्झच्या आसपासचा दिशा बदलणारा विद्युतदाब द्यायचा. दोन-तीन तासांत काचेवर साबणाच्या फेसासारखे बुडबुडे उगवतात.

मग त्या ग्लुकोजच्या द्रावणात ओतायच्या. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज. सुक्रोज जड असल्याने पुटिका तळाशी बसतात आणि प्रकाश वेगळा वळत असल्याने त्यांची कड स्पष्ट दिसते. बाहेरचं द्रावण किंचितच जास्त तीव्र ठेवायचं. मग आतलं थोडं पाणी बाहेर येतं आणि पापुद्रा सैल पडतो. एकदा मी हे प्रमाण उलटं केलं होतं. सगळ्या पुटिका तट्ट गोल फुगल्या आणि तासाभरात अर्ध्याअधिक फुटल्या. उरलेल्या प्रवाहात सोडल्या, तर त्या कडक गोळ्यांसारख्या तळालगतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी प्रमाण नीट केलं. पंप सुरू करताच पुटिका तिरक्या झाल्या, आणि पाच मिनिटांत तळावरचा फोकस हरवला, कारण त्या वर निघून गेल्या होत्या.